आधी आकडा, मग अर्ली डिसिजन

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पुण्यात बारावीला, एसएटी या अमेरिकन कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत 1530, गणित आणि अर्थशास्त्राची आवड, शाळेत पहिल्या दोघा-तिघांत. आई-वडील दोघेही नोकरी करतात, मिळून वर्षाचं उत्पन्न 34 लाखांच्या आसपास. राहता फ्लॅट, भाड्याने दिलेला एक लहान फ्लॅट, गावी वडिलोपार्जित शेती. वर्षाला 18 लाखांपर्यंत खर्च झेपेल. अमेरिकेत ब्राउन किंवा कॉर्नेल यांपैकी एका ठिकाणी अर्ली डिसिजनने, म्हणजे घेतलं तर जायलाच हवं अशा करारावर, अर्ज करावा का? आर्थिक मदत मागितली तर प्रवेशाची शक्यता घटते का? आणि ओळखीतल्या एकांनी सुचवल्याप्रमाणे, आत्ता मदत न मागता प्रवेश मिळवायचा आणि दुसऱ्या वर्षापासून मागायची, हे जमेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. तसं अजिबात करू नका. स्टॅनफर्डचा नियम स्पष्ट आहे: परदेशी विद्यार्थ्याने अर्ज करतानाच मदत मागितली नाही, तर पुढच्या चारही वर्षांत ती मागता येत नाही. इतर कित्येक विद्यापीठांचे नियम याच वळणाचे आहेत. शिवाय पहिल्या वर्षाचा खर्च कुठून येणार याची कागदपत्रं दाखवल्याशिवाय आय-20 हे कॉलेजचं व्हिसासाठीचं प्रमाणपत्र निघत नाही आणि आय-20 नसेल तर विद्यार्थी व्हिसा नाही. या दर्जाच्या खासगी कॉलेजांचा राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च 90 हजार डॉलरच्या वर गेला आहे. डॉलर 88 रुपयांचा धरला तरी ते 79 लाख होतात. तुमचे 18 वजा केले तर दर वर्षी 61 लाख कमी पडतात, चार वर्षांत जवळजवळ अडीच कोटी. एवढं कर्ज डोक्यावर घेऊन पदवीला जाण्याइतकं जगातलं कुठलंही कॉलेज मोठं नाही, असं मी प्रत्येक पालकाला सांगते. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण तो मनातून काढून टाका.

आता मूळ प्रश्न. अर्ली डिसिजन म्हणजे 1 नोव्हेंबरच्या सुमारास एकाच कॉलेजला अर्ज करून लेखी कबूल करायचं की, तुम्ही घेतलंत तर मी येणारच आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घेणार. त्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो. कॉलेजला यातून खात्रीचे विद्यार्थी मिळतात, वर्गाचं आणि जमा-खर्चाचं गणित लवकर बसतं. विद्यार्थ्याला प्रवेशाची शक्यता थोडी वाढवून मिळते. पण किंमत कळायच्या आधी शब्द द्यावा लागतो आणि चार ठिकाणची मदतीची पत्रं शेजारी ठेवून तुलना करण्याचा हक्क सोडावा लागतो. ज्या घरात कुठलीही किंमत चालते त्या घराला हा हक्क सोडल्याने काहीच तोटा होत नाही. म्हणून माझ्या मते ही पद्धत मुळातच पैसेवाल्यांना झुकतं माप देणारी आहे. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी 2006 मध्ये आपल्या अर्ली फेऱ्या बंद करायचं जाहीर केलं तेव्हा हेच कारण दिलं होतं. इतर कॉलेजं मागे आली नाहीत आणि 2011 मध्ये दोघांनी बंधन नसलेली अर्ली फेरी पुन्हा सुरू केली. ऑगस्ट 2025 मध्ये 32 कॉलेजांवर याच पद्धतीविरुद्ध मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल न्यायालयात दावाही दाखल झाला. तुमच्या मुलीला मात्र पद्धत आज जशी आहे तशी धरूनच निर्णय घ्यायचा आहे.

मदत मागितल्याने शक्यता घटते का, याचं उत्तर कॉलेजागणिक बदलतं. नीड-ब्लाइंड कॉलेजात प्रवेश ठरवणारी माणसं तुमची गरज बघतच नाहीत. नीड-अवेअर कॉलेजात ती बघितली जाते. तिथे साधारण असं होतं: फेरीच्या शेवटी निवडलेल्यांची यादी मदतीच्या रकमेशी ताडून बघतात, बजेट ओलांडलं असेल तर काठावरची काही नावं खाली उतरतात आणि कमी मदत लागणारी वर जातात. ज्या मुलीला सगळ्यांनी एकमुखाने उचलून धरलं आहे तिचं नाव सहसा हलत नाही. पण भारतातून येणारे अर्ज इतके तगडे असतात की काठावर खूप गर्दी होते, आणि तिथे 60-70 हजार डॉलरची गरज जड जाते.

इथे बरेच पालक एका गोष्टीत फसतात. कॉलेजच्या संकेतस्थळावर ठळक अक्षरांत नीड-ब्लाइंड लिहिलेलं असतं, पण ते अमेरिकन नागरिकांपुरतं असतं. परदेशी विद्यार्थ्यांचा नियम आतल्या पानावर वेगळा. स्टॅनफर्ड, कोलंबिया, पेन, कॉर्नेल, विल्यम्स ही सगळी भारतीय विद्यार्थ्यासाठी नीड-अवेअर आहेत. परदेशी मुलांसाठीही नीड-ब्लाइंड असलेली आणि घेतलेल्या मुलांची पूर्ण गरज भागवणारी नावं मोजकी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट. 2022 पासून डार्टमथ आणि बोडन. 2025 मध्ये दाखल झालेल्या वर्गापासून ब्राउन. 2024 मधल्या घोषणांनंतर नोटर डेम आणि वॉशिंग्टन अँड ली. यांत बंधनकारक अर्ली डिसिजन ब्राउन, डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडन आणि वॉशिंग्टन अँड ली यांच्याकडे आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, नोटर डेम यांच्या अर्ली फेरीत इतरत्र अर्ज करण्यावर मर्यादा असतात, पण प्रवेश मिळाला तर जायलाच हवं असं नसतं. एमआयटीची अर्ली फेरी, तिला अर्ली ॲक्शन म्हणतात, तीही बंधनकारक नाही.

त्यामुळे तुमच्या घरासाठी ब्राउन आणि कॉर्नेल हे एकाच तागडीत घालायचे पर्याय नाहीत. ब्राउनला तुमची गरज अर्जाच्या आड येत नाही. कॉर्नेलला येऊ शकते. कॉर्नेलच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. रतन टाटा कॉर्नेलमधून वास्तुशास्त्र शिकले आणि 2008 मध्ये टाटांच्या ट्रस्टने तिथे भारतीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी अडीच कोटी डॉलर दिले. गरज असलेल्या भारतीय मुलांना त्यातून मदत मिळते, पण एका वेळी साधारण वीसच मुलं त्यावर शिकत असतात, म्हणजे दर वर्षी चार-पाच जागा. कॉर्नेलला रेग्युलर, म्हणजे अर्लीनंतरच्या नेहमीच्या बंधन नसलेल्या फेरीत जरूर अर्ज करा. तुमचं एकमेव अर्ली मात्र तिथे खर्चू नका.

आता शक्यतेचे आकडे. 2025 मध्ये दाखल झालेल्या वर्गासाठी ब्राउनकडे अर्ली डिसिजनचे 5,048 अर्ज आले आणि 906 जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे सुमारे 18 टक्के. दोन्ही फेऱ्या मिळून 42,765 अर्जांतून 2,418 जणांना. अर्लीचे वजा केले तर रेग्युलरचं प्रमाण 4 टक्के निघतं. अठरा आणि चार हे आकडे शेजारी दिसले की घरात लगेच ठरतं: अर्ली केलं तर साडेचारपट संधी. तसं नसतं. त्या 906 मध्ये खेळाडू आहेत. ब्राउनचे तीसहून अधिक संघ आहेत आणि प्रशिक्षकांनी हेरलेली मुलं जवळजवळ सगळी अर्लीतूनच येतात. माजी विद्यार्थ्यांची मुलं आहेत, त्यांना ब्राउन अजूनही काही प्राधान्य देतं. समजा फक्त खेळाडूच दोनशे धरले आणि वगळले, तर प्रमाण साडेचौदावर येतं, आणि अजून बाकीचे गट बाजूला काढलेलेच नाहीत. त्यातून भारतीय मुलीची तुलना मुख्यतः भारतातूनच आलेल्या इतर अर्जांशी होणार, आणि तो गट सगळ्यात चुरशीच्या गटांपैकी आहे.

आणखी एक बघा. त्याच्या आदल्या वर्षी ब्राउनच्या अर्लीचं प्रमाण 14.4 टक्के होतं: 6,244 अर्ज, 898 प्रवेश. प्रवेश जवळजवळ तेवढेच राहिले, अर्ज बाराशेने कमी झाले, कारण मधल्या काळात एसएटी किंवा तशीच एसीटी ही परीक्षा पुन्हा सक्तीची झाली आणि कमी गुणांची मुलं अर्जच करेनाशी झाली. टक्केवारी वाढली म्हणून कुणालाही प्रवेश सोपा झाला नाही.

तरी अर्लीचा फायदा खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. 1990 च्या दशकातल्या अर्जांवर झालेल्या आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, इतर सगळं सारखं असताना अर्ली अर्जाने मिळणारी उचल एसएटीच्या सुमारे 100 गुणांइतकी भरली होती. तो काळ वेगळा होता, पण उचल आजही आहे. ती बळकट अर्जाला काठावरून आत ढकलू शकते. जो अर्ज काठापर्यंत पोचतच नाही त्याला तिचा उपयोग होत नाही. तुमच्या मुलीचे गुण पुरेसे आहेत, पण 1530 हा ब्राउनमध्ये उठून दिसणारा गुणांक नाही. तिने गणित आणि अर्थशास्त्रात वर्गाबाहेर काय केलं, शिक्षक तिच्याबद्दल काय लिहितात आणि तिचे निबंध कसे आहेत, यावरच ती काठाच्या कुठल्या बाजूला आहे ते ठरेल.

प्रत्येक नावाची स्वतः शहानिशा करायची असेल तर त्या कॉलेजचं कॉमन डेटा सेट, म्हणजे प्रवेश आणि मदतीच्या आकड्यांचा ठरावीक नमुन्यातला अहवाल, काढा. बहुतेक कॉलेजं दर वर्षी ते पीडीएफ स्वरूपात प्रसिद्ध करतात. सी-21 या कलमात अर्ली डिसिजनचे अर्ज आणि प्रवेश मिळतात. त्याहून मोलाचं कलम आहे एच-6: किती परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेजने स्वतःची मदत दिली आणि सरासरी किती डॉलर. सरासरी 70 हजार डॉलर असेल तर तिथे गरजू परदेशी मुलांना खरोखर सांभाळलं जातं. सरासरी 15-20 हजार असेल तर संकेतस्थळावरची भाषा कितीही मायेची असली तरी तुमच्या उपयोगाची नाही.

ओळखीपाळखीतले निकालही जपून वाचा. मुळशीच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजमधली मुलं दर वर्षी अमेरिकेत मोठ्या मदतीने जातात. त्यांच्यामागे डेव्हिस यूडब्ल्यूसी स्कॉलर्स हा कार्यक्रम उभा असतो. यूडब्ल्यूसीतून आलेल्या गरजू मुलासाठी तो भागीदार कॉलेजांना पैसे देतो. तुमच्या मुलीच्या अर्जामागे ते पैसे नाहीत, त्यामुळे तिथल्या मुलाला अमुक कॉलेजने पूर्ण मदत दिली यावरून स्वतःचा अंदाज बांधू नका.

आता ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि ज्यावर सगळं अवलंबून आहे ते. ब्राउन पूर्ण गरज भागवतं म्हणजे तुमच्या मते असलेली गरज नाही, तर ब्राउनच्या हिशोबाने निघणारी. तुम्हाला 18 लाख झेपतात. कॉलेजचा आकडा 8 लाख निघू शकतो, 26 लाखही निघू शकतो. 34 लाख म्हणजे सुमारे 38-39 हजार डॉलर, आणि अमेरिकन फुटपट्टीने एवढ्या उत्पन्नाच्या घराकडून फारशी अपेक्षा ठेवली जात नाही. त्यामुळे नुसत्या पगारावर बघितलं तर आकडा तुमच्या आवाक्यात यायला हवा. आपल्याकडच्या घरांचा आकडा चढतो तो मालमत्तेमुळे. भाड्याने दिलेला फ्लॅट पुण्यात 70-80 लाखांचा असेल तर सीएसएस प्रोफाइलमध्ये, म्हणजे मदतीसाठी घरची आर्थिक माहिती भरायच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये, तो 80-90 हजार डॉलरची जास्तीची मालमत्ता म्हणून जातो. त्यावर कर्ज बाकी असेल तर तेही भरा, अनेकजण विसरतात. मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड मोजले जातात. भविष्य निर्वाह निधी वेगळ्या रकान्यात, निवृत्तीच्या बचतीत दाखवा. तो साध्या बचतीत घातला की आकडा विनाकारण फुगतो.

शेतीबद्दल जास्त काळजी घ्या. सातबाऱ्यावर कुणाची नावं आहेत ते बघा. आजोबांच्या नावावर असेल तर ती तुमची मालमत्ता नाही. सामाईक असेल तर तुमच्या हिश्श्याचीच किंमत लिहा आणि विशेष परिस्थितीच्या रकान्यात चार वाक्यांत समजावा: जमीन भावांमध्ये सामाईक आहे, वाटणी झालेली नाही, वर्षाचं उत्पन्न इतकं, आणि विकायची म्हटली तरी सगळ्यांच्या सह्या लागतात. ब्राउनच्या रोड आयलंडमधल्या कार्यालयात बसलेल्या मदत अधिकाऱ्याला आपल्याकडची एकत्र कुटुंबाची जमीन कशी असते हे कळायला दुसरा मार्ग नाही. आजी-आजोबांच्या औषधपाण्याचा खर्च, धाकट्या भावंडाची फी, हेही तिथेच. लपवू मात्र काहीच नका. आयटीआर, फॉर्म 16 आणि बँकेचे उतारे मागितले जातात, आणि अनेक ठिकाणी दर वर्षी नव्याने मागितले जातात. तिसऱ्या वर्षी आकडे जुळले नाहीत तर मुलीची पंचाईत होते.

सीएसएस प्रोफाइल 1 ऑक्टोबरला खुलं होतं. पहिल्या कॉलेजला 25 डॉलर, पुढच्या प्रत्येकाला 16. पण त्याआधीच कॉलेजचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे तुम्हाला प्रत्यक्ष किती भरावं लागेल याचा अंदाज देणारं संकेतस्थळावरचं साधन, चालवून बघा. ते बहुतेक ठिकाणी अमेरिकन कुटुंबं डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं असतं, त्यामुळे उत्तराला अंदाजच समजा. मग मदत कार्यालयाला नेमके आकडे देऊन ईमेल करा आणि विचारा की, अर्ली डिसिजनची सही करण्याआधी आम्हाला अंदाज देऊ शकाल का. काही कार्यालयं देतात, काही नुसतं धोरण कळवतात. विचारलं म्हणून कुणाचा अर्ज मागे पडत नाही.

मिळालेल्या आकड्याला घरात दोन कसोट्या लावा. पहिली रुपयाची: तुमचा वाटा डॉलरमध्ये ठरतो. 2021 मध्ये 20 हजार डॉलर म्हणजे साधारण 15 लाख होते, 88 च्या दराने ते साडेसतरा लाख होतात. आजच 18 लाखांना टेकलेला आकडा चौथ्या वर्षी झेपणार नाही, म्हणून सही करायची तर तो 14-15 लाखांच्या आत असावा असं मी म्हणेन. दुसरी कसोटी आकड्याबाहेरच्या खर्चाची: विमानाचं तिकीट, आरोग्य विमा, पहिल्या हिवाळ्याचे कपडे, विद्यार्थ्याने उन्हाळ्यात कमवावी अशी धरलेली रक्कम. यांतलं काय मदतीत बसतं आणि काय तुमच्या खिशातून जातं हे लेखी विचारून घ्या.

प्रवेश मिळाला आणि मदत कमी पडली तर? करारात याची तरतूद आहे. मदत मागितलेल्या विद्यार्थ्याला शिकणं शक्य होईल इतकी मदत मिळाली नाही, तर त्याला प्रवेश नाकारून करारातून मोकळं होता येतं. ही वाट खरी आहे आणि ती वापरण्यात काही गैर नाही. निकाल आला की दोन-तीन दिवसांत मदत कार्यालयाला कागदपत्रांसह फेरविचाराचा अर्ज करायचा, तरीही जमलं नाही तर प्रवेश कार्यालयाला स्पष्ट आणि नम्रपणे कळवायचं. कोर्टकचेरी होत नाही. मात्र दुसरीकडे जास्त आवडलं किंवा थोडी जास्त शिष्यवृत्ती मिळाली म्हणून शब्द मोडणं वेगळं. त्याची झळ शाळेला लागते. टुलेन विद्यापीठाने 2025 मध्ये असा शब्द मोडला गेल्यावर त्या शाळेच्या मुलांना वर्षभर अर्ली डिसिजन बंद केलं. पुढच्या तुकडीतल्या कुणाच्या तरी मुलीचं त्यात नुकसान होतं. म्हणून सही करण्याआधीच समुपदेशकांना सांगून ठेवा की आमची अट फक्त पैशांची आहे आणि आकडा अमुक आहे.

तेव्हा माझं मत असं. अंदाज 15 लाखांच्या आत येत असेल आणि ब्राउन ही मुलीची स्वतःची पहिली पसंती असेल, तर ब्राउनला अर्ली डिसिजन करा, मदत मागून, एक रुपयाही न लपवता. अंदाज त्याच्या पुढे जात असेल तर अर्ली सोडा आणि रेग्युलरमध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ अशा नीड-ब्लाइंड जागांसोबत काही नीड-अवेअर पण परदेशी मुलांवर हात सैल सोडणारी कॉलेजं घ्या, म्हणजे तुलना करता येईल. दोन्ही वाटांवर गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्या हव्यातच. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे ब्राउन, कॉर्नेल, हार्वर्ड यांच्या गटात, त्या मुळीच नसतात, सगळी मदत गरजेवर. पण ग्रिनेल, डेनिसन यांसारखी कॉलेजं त्या देतात, बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या ट्रस्टी शिष्यवृत्तीसाठी 1 डिसेंबरपर्यंत अर्ज करावा लागतो, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या शिष्यवृत्तीसाठी 1 नोव्हेंबरपर्यंत. इथे एक पथ्य आहे: काही कॉलेजांना अर्ली डिसिजनसोबत दुसऱ्या खासगी कॉलेजची अर्ली ॲक्शन चालत नाही, म्हणून ज्याच्याशी करार करणार त्याचा नियम शब्दन् शब्द वाचा. आणि भारतातले एक-दोन पर्याय, सीईटी असो वा खासगी विद्यापीठं, शेवटपर्यंत हातात ठेवा.

ब्राउनने डिसेंबरात निर्णय पुढे ढकलला, तर करार तिथेच संपतो आणि अर्ज रेग्युलरमध्ये जातो. नवे गुण आणि एक छोटं पत्र पाठवायचं. सरळ नकार आला किंवा असं लांबलं, तरी बंधनकारक अर्लीची दुसरी फेरी काही कॉलेजांत असते. बोडनची आणि वॉशिंग्टन अँड लीची असते, आणि दोन्ही परदेशी मुलांसाठी नीड-ब्लाइंड आहेत. तिची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला येते, म्हणजे निर्णयाला जेमतेम दोन-तीन आठवडे. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये ब्राउनचा आकडा काढाल तेव्हाच या दोघांचाही काढून ठेवा. डिसेंबरात मुलीची प्रीलिम जवळ आलेली असते, आणि तेव्हा गावाहून सातबारा मागवत बसायला कुणाला सवड नसते.